थंडीच्या आधी परसाची तयारी

दसरा झाला, कोजागरी झाली, आता दिवाळीची आवराआवर सुरू होईल. रानात शाळूची पेरणी बहुतेकींची उरकली असेल. पण घराच्या मागं एक तुकडा असतो, त्याच्याकडं या दिवसांत कुणाचं लक्ष नसतं. कुणी त्याला परडं म्हणतं, कुणी परस, कुणी वाडगं. पावसात तिथं गुडघाभर गवत माजलेलं असतं. एका कोपऱ्यात जुना कडबा, दुसऱ्या कोपऱ्यात फुटकं पिंप, आणि मधल्या मोकळ्या जागेत कुणाची तरी मोटारसायकल. आज आपण त्या तुकड्याबद्दल बोलू. थंडीची भाजी तिथं घ्यायची असेल तर तयारीचे दिवस हेच आहेत. दिवाळी उरकून सुरुवात केली तर अर्धी थंडी हातची जाते.

आम्ही बचत गटांच्या बैठकांना गावोगाव फिरतो. परसबागेचा विषय निघाला की पहिली गोष्ट ऐकू येते ती अशी: "ताई, तिथं हरळीशिवाय काही येत नाही." खरं आहे. गंमत अशी की शहरात बंगल्यासमोर जी हिरवळ असते, जिच्यावर चालायला पाटी लावून मनाई करतात, ती पुष्कळदा हीच हरळी. तिकडं ती पैसे देऊन लावतात आणि थंडीत पिवळी पडली की काळजी करतात. आपल्याकडं ती फुकट येते आणि जाता जात नाही. गणपतीला दूर्वा म्हणून एक कोपरा तिला जरूर राहू द्या, पण वाफ्यात ठेवू नका.

हरळी नुसती खुरपून जात नाही. तिच्या कांड्या जमिनीखाली पसरतात आणि तुटलेल्या प्रत्येक पेराला नवा फुटवा येतो. म्हणून खुरप्यानं वरवर कापली की ती दुपटीनं येते. तिला काढायची वेळ हीच, कारण आता ऊन कडक आहे. कुदळीनं वीतभर खोल खणा, ढेकळं उलटी टाका आणि आठ-दहा दिवस तशीच तापू द्या. मग ढेकूळ हातानं फोडत कांड्या वेचून काढा. वेचलेल्या कांड्या शेणाच्या उकिरड्यात टाकू नका, तिथं त्या जगतात आणि खताबरोबर परत वाफ्यात येतात. बाहेर कडक वाळवा आणि मग जाळा. हे काम कंटाळवाणं आहे. एकटीनं करायला घेतलं तर दुसऱ्या दिवशी सोडून द्यावंसं वाटतं. आमच्या काही गटांनी यावर इर्जिक केली. आज हिच्या परसात पाच जणी, उद्या तिच्या परसात पाच जणी. एका सकाळी एक परस मोकळं होतं आणि बोलण्याच्या नादात पाठही दुखत नाही.

साफ करताना एक सांभाळा. कुंपणावर पावसाळ्यात लावलेला पावटा किंवा वाल असेल तर त्याला आत्ता नुसता पाला दिसेल. "वांझ वेल आहे" म्हणून बऱ्याच जणी उपटून टाकतात. पावट्याच्या आपल्या गावठी जातींना फुलं येतात ती दिवस लहान झाल्यावर. थोडा धीर धरा, थंडीत शेंगांनी लगडेल.

आता जागा किती लागते? एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. एवढी जागा सगळ्यांकडं नसते आणि लागतही नाही. ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद असे पाच वाफे बसले तरी पुरे. रुंदी ३ फुटांपेक्षा जास्त नको, कारण दोन्ही बाजूंनी बसून हात मधोमध पोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडला की माती दबते. काळी चिकट जमीन असेल तर वाफा अर्धा फूट उंच करा, म्हणजे पाणी साचून मुळं कुजणार नाहीत. आपल्या माळाच्या हलक्या मुरमाड जमिनीत मात्र उलटं करायचं. वाफा सपाट किंवा थोडा खोलगट ठेवायचा आणि कडेनं बांध घालायचा, म्हणजे घातलेलं पाणी तिथंच मुरतं. पुस्तकात गादीवाफा लिहिलेला असतो म्हणून मुरमावर गादीवाफा केला, तर पाणी चारी बाजूंनी पळून जाईल.

एका वाफ्याला दोन घमेली कुजलेलं शेणखत घाला. कुजलेलं म्हणजे हातात घेतलं तर मातीसारखं भुसभुशीत, शेणाचा वास नसलेलं. ताजं शेण घातलं तर हुमणी आणि वाळवी येते, रोपं करपतात. चुलीची राख कितपत घालायची, असं बायका विचारतात. चिमूटभर भुरभुरली तर हरकत नाही, पण रोजची राख नेऊन वाफ्यात ओतू नका. आपल्या भागातल्या बऱ्याच जमिनी आधीच चुनखडीच्या आहेत, राखेनं त्यांचा चुनखडीपणा आणखी वाढतो. खत मिसळलं की लगेच पेरू नका. एकदा पाणी द्या आणि आठवडाभर थांबा. दबा धरून बसलेलं तण वर येईल, ते खुरपा आणि मग पेरा. या एका आठवड्यानं पुढची निम्मी खुरपणी वाचते.

बियाण्याकडं येऊ. नवरात्रात आपण सगळ्या घटाभोवती माती घालून धान्य पेरतो. नऊ दिवसांत कुठलं धान्य कसं उगवलं, कुठलं तरारून वर आलं, हे घरातल्या म्हाताऱ्या बारकाईनं बघायच्या. देवाचं तर ते आहेच, पण घरातलं बी उगवतं की नाही हेही त्यातून कळतं. भाजीच्या बियांचं तेच करा. २० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं ओलं ठेवा आणि मेथी असेल तर चौथ्या दिवशी उघडून बघा. १६-१७ उगवल्या तर बी चांगलं. १० उगवल्या तर दुप्पट पेरावं लागेल. त्याहून कमी असतील तर ते बी फोडणीला वापरा. धन्याला आठ-दहा दिवस लागतात, गाजराला त्याहून थोडे जास्त, म्हणून त्यांना आधीच नापास करू नका. कांद्याचं बी मात्र वर्षाच्या पुढं टिकत नाही. गेल्या वर्षीचं पुडकं सापडलं म्हणून खूश होऊ नका.

मेथी आणि कोथिंबिरीला पुडकं विकत आणायची गरज नाही. डब्यातली मेथी उगवते, फक्त वरची परीक्षा घ्या. धने मात्र अख्खे पेरायचे नाहीत. चपलेनं किंवा लाकडाच्या फळीनं हलके रगडायचे, म्हणजे एका धन्याच्या दोन फाका होतात, आणि रात्रभर भिजवून सकाळी पेरायचे. पुडक्यावर संकरित लिहिलेलं असेल तर त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षासाठी धरू नका, पुढची पिढी सारखी निघत नाही. गावठी वांगं, गावठी घेवडा, गावठी मिरची यांचं बी धरता येतं. राहीबाई पोपेरे हे नाव आता सगळ्यांना माहीत आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या या बाईनं गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. बी कसं वाळवायचं, गाडग्यात कसं ठेवायचं, हे त्यांनी घरातूनच उचललेलं. आपल्या घरातही ते कुणाला तरी येत असतं. त्या सासूबाईंना, त्या आजीला विचारून घ्या.

काय लावायचं ते आता झटपट सांगतो. मेथी पेरल्यापासून महिन्याभरात काढणीला येते. पालक साधारण पाच आठवड्यांत, आणि तो उपटायचा नाही, कापायचा, म्हणजे तीन-चार वेळा मिळतो. कोथिंबीर आणि मुळा दीड महिन्यात. गाजराला तीन महिने धरा. लसणाची पाकळी टोक वर करून चार बोटांवर लावा. गड्डा व्हायला चार महिन्यांच्या वर लागतात, पण मधल्या काळात थोडी थोडी पात चटणीला मिळते. शेपू, चुका, चाकवत, राजगिरा यांनाही थंडी मानवते. टोमॅटो, वांगी, कोबी यांची महिन्याभराची रोपं लावायची, बी थेट वाफ्यात टाकायचं नाही. कोबी-फ्लॉवर पाच-सात रोपांपलीकडं नको, जागा फार खातात आणि अळी लवकर लागते, असं आमचं मत आहे. त्यापेक्षा एका कडेला मूठभर हरभरा टाका. महिन्याचा झाला की शेंडे खुडायचे, भाजी होते आणि खुडल्यामुळं झाड पसरून घाटेही वाढतात.

मेथी-कोथिंबीर थंडीतच का चांगली होते? ऊन वाढलं की ती घाईनं फुलावर येते आणि पानं कडू व चिवट होतात. थंडीत ती सावकाश पानंच काढत बसते. म्हणून हे तीन-चार महिने पालेभाजीचे. पण सगळा वाफा एका दिवशी पेरू नका. आज अर्धा पेरा, दहा दिवसांनी उरलेला अर्धा. नाहीतर एकदम एवढी मेथी निघते की चार दिवस घरातली माणसं तोंड वाकडी करतात आणि नंतर महिनाभर काहीच नसतं.

इथपर्यंत ऐकून काही जणींच्या मनात आलंच असेल की पाणी कुठून आणायचं. आमच्या भागात दिवाळीनंतर नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येतं, मार्चनंतर टँकर. डोक्यावरून आणलेला हंडा मेथीला घाला, असं सांगायला आमची जीभ धजत नाही. म्हणून हिशोब करू. ६ बाय ३ फुटांच्या वाफ्याला थंडीत दिवसाआड १५ लिटरची एक बादली लागते. पाच वाफ्यांना दिवसाआड पाच बादल्या. पाच माणसांच्या घरात आंघोळीचंच पाणी रोज त्याहून कमी नसतं, आणि ते दाराबाहेर डबकं करून डास पोसत बसतं. म्हणजे पाणी घरात आहे, फक्त ते कुठलं कुठं घालायचं हे नीट कळलं पाहिजे.

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी स्वच्छ असतं. ते बिनधास्त कुठल्याही वाफ्याला घाला, कोथिंबिरीलाही. आंघोळीचं पाणी गाळून घ्यायचं. जुनं पिंप किंवा तळाला भोकं पाडलेली बादली घ्या. तळाला मूठभर आकाराचे दगड, त्यावर खडी, त्यावर जाड वाळू आणि सगळ्यांत वर नारळाच्या शेंड्या. केस आणि साबणाचा साका शेंड्यांत अडकतो, पंधरा दिवसांनी त्या धुऊन वाळवून परत ठेवायच्या. एवढ्यानं पाणी निवळतं, पण त्यातले जंतू मरत नाहीत. म्हणून हे पाणी मुळा, गाजर, कोथिंबीर, लसूणपात अशा कच्च्या खायच्या भाजीला अजिबात घालायचं नाही. ते वांगी, टोमॅटो, शेवगा, पपई, केळ, कुंपणावरचा वाल यांच्या बुंध्याशी घालायचं, पानांवर ओतायचं नाही. आणि साठवून ठेवायचं नाही. त्याच दिवशी संपवलं नाही तर वास सुटतो.

धुण्याचं पाणी वेगळं. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. ते पाणी रोज एकाच जागी पडलं तर जमीन कडक होते, वर पांढुरका थर धरतो आणि मग तिथं काही येत नाही. पहिलं फेसाचं पाणी शोषखड्ड्यात जाऊ द्या. शेवटच्या खळबळीचं पाणी झाडांना चालतं. खरकटी भांडी घासलेलं तेलकट पाणीही शोषखड्ड्यातच.

आता कच्च्या खायच्या भाजीचा फार तर दीड-दोन वाफा उरतो. त्याला धुतल्या तांदळाचं पाणी आणि वर एखादी बादली चांगलं पाणी, एवढ्यात भागतं. हेही कमी करायचं असेल तर वाफ्यावर दोन बोटं जाडीचा पाला, उसाचं पाचट किंवा भुईमुगाची टरफलं पसरा. ओल टिकते आणि तणही दबतं. खोडाला मात्र चिकटून ठेवू नका, आणि वाळवी दिसली तर हलवा. वांगी-टोमॅटोच्या दोन रोपांमध्ये रंग न लावलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि पाणी भरून वर झाकण ठेवा. ते आपोआप झिरपत राहतं, तीन-चार दिवसांनी परत भरायचं. उन्हाळ्यात कामाला न येणारे, पाझरणारे जुने माठ यासाठी उत्तम.

कोंबड्या आणि शेरडांचं काय, हे तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो. बाभळीच्या काट्या खाली आणि वर जुन्या साड्या ताणून बांधल्या की बहुतेक काम होतं. पेरल्यावर पहिले दहा दिवस वाफ्यावर एखादी काटेरी फांदी आडवी टाका, कोंबडी उकरायला धजत नाही.

किडीबद्दल थोडक्यात. ढगाळ हवा आली की मावा येतोच. निंबोळीची ५० ग्रॅम पूड फडक्यात बांधून रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा, सकाळी चांगली पिळा, त्यात किंचित साबण घोळा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. त्यानंतर दोन-तीन दिवस ती भाजी तोडू नका, आणि तोडल्यावर धुऊन घ्या. पाणी शक्यतो सकाळी द्या, म्हणजे रात्रीच्या दवात पानं आणखी ओली राहून भुरी वाढत नाही. फारच गारठा पडणार असं वाटलं तर त्या संध्याकाळी मात्र मातीला हलकं पाणी द्या आणि कोवळ्या रोपांवर जुनं लुगडं पांघरा. ओली माती रात्री कोरडीपेक्षा उशिरा थंड होते. रानातल्या फवाऱ्याच्या पंपात उरलेलं औषध घरच्या भाजीवर मारायचं नाही, घरातला पुरुष "जरा मारून देतो" म्हणाला तरीही नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शंभरात ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे गटाच्या बैठकीत दहा जणी बसल्या असतील तर त्यातल्या पाच-सहा. चढ चढताना दम लागणं, भाकरी थापता थापता डोळ्यापुढं अंधारी येणं, याला आपण "कामाचा शीण" म्हणून सोडून देतो. पालेभाजीत लोह असतं, पण ते अंगी सहज लागत नाही. भाजीवर लिंबू पिळलं, नाहीतर जेवताना पेरू किंवा आवळा खाल्ला तर जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागतं. तो तास-दीड तासानं घ्या. आणि एक स्पष्ट सांगतो: आशाताई किंवा नर्सबाई लोहाच्या गोळ्या देतात त्या बंद करून त्याऐवजी मेथी, असं करू नका. रक्त फार कमी असेल तर नुसत्या भाजीनं ते भरून येत नाही.

पाच वाफ्यांतून रोजची भाजी निघेल असं आम्ही सांगणार नाही. आठवड्यातले तीन दिवस निघेल. पण ती ताटात कुणाच्या पडते, हे बघावं लागतं. आधी घरातले पुरुष, मग पोरं, मग सासूबाई, आणि शेवटी आपण पातेलं पुसून भाकरी खातो. एका गटातल्या मावशींनी यावर साधा उपाय काढला. भाजी झाली की त्या पातेल्यातून आधी स्वतःची आणि सुनेची वाटी बाजूला काढून झाकून ठेवतात. घरात पहिले दोन दिवस कुणीतरी बोललं, तिसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

विकायची की खायची, यावरून तर बैठकीत भांडणं होतात. आमच्या एका वहिनींचं म्हणणं की मेथीच्या दहा जुड्या बाजारात नेल्या तर हातात पैसे येतात, ते कुणाला मागावे लागत नाहीत. त्यांचं चुकत नाही. बाईच्या हातातल्या स्वतःच्या पैशाची किंमत गटात बसणाऱ्या आपल्याला ठाऊक आहे. पण मेथीचा भाव कधी चढा असतो, कधी जुडीला एसटीचं भाडंही सुटत नाही, आणि तीच जुडी घरात खाल्ली तर तेवढी भाजी विकत आणावी लागत नाही. आमच्यापुरतं आम्ही असं ठरवलं आहे: पालक, मेथी, शेपू आधी घरात, आणि उरलं तर शेजारी किंवा बाजारात. पावट्याच्या शेंगा, लसूण, वांगी टिकतात आणि भाव बरा देतात, ती विकायला. त्या पैशाची नोंद गटाच्या वहीत नाही, स्वतःच्या वहीत करायची.

ज्यांच्याकडं परसच नाही, त्यांनी सिमेंटची रिकामी पोती धुऊन, तळाला भोकं पाडून, निम्मी माती आणि निम्मं शेणखत भरावं. एका पोत्यात वांग्याचं एक झाड किंवा वीतभर पालक होतो. फुटकी घमेली, तेलाचे डबे काहीही चालतं, फक्त रोज चार तास तरी ऊन पडलं पाहिजे. औषधाचा डबा मात्र कितीही धुतला तरी वापरू नका.

दिवाळीच्या आधीच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातलं एक बी वाटीभर आणावं, एवढं करा. वाटीला चिठ्ठी लावा: कशाचं, कुणाच्या घरचं, कोणत्या वर्षीचं. गटाचा एक झाकणाचा डबा ठरवा, त्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला आणि पुड्या करून ठेवा. जिला हवं तिनं वाटीभर न्यावं आणि सुगीला सव्वा वाटी परत करावं. व्याज बियाण्यातच. वही लिहिणाऱ्या ताईंनी पहिली नोंद तारखेसह करावी, आणि डबा कुणाच्या घरी राहणार ते त्याच दिवशी ठरवून घ्यावं. उंदीर नसलेलं घर बघा.